‘मूक’ वर्गाला बोलतं करताना

ऑनलाइन कोर्स सुरू झाला की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी व्हॉट्सॲप नाहीतर टेलिग्रामवर ग्रुप काढतंच. दुसऱ्या आठवड्यात त्यावर नोट्सच्या पीडीएफ येऊन पडतात, तिसऱ्यात सोडवलेली असाइनमेंट. पुढे नुसते अंगठे उरतात. ग्रुपमुळे शिकायला मदत होते, हे खरंच आहे. पण ती मदत या पीडीएफमधून होत नाही.

गंमत अशी की मोठ्या ऑनलाइन कोर्सचा जन्मच गप्पांमधून झाला. २००८ साली जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठात एक कोर्स घेतला. फी भरून आलेले साधारण २५ जण, आणि इंटरनेटवरून फुकटात सामील झालेले सुमारे २,२००. इतक्यांना शिक्षक कुठे पुरणार? म्हणून मंडळी आपापल्या ब्लॉगवर लिहीत, एकमेकांना उत्तरं देत, वाद घालत. अशा कोर्ससाठी डेव्ह कॉर्मियर यांनी MOOC (मॅसिव्ह ओपन ऑनलाइन कोर्स) हा जो शब्द सुचवला, तो देवनागरीत ‘मूक’ असा लिहावा लागतो, आणि पुढे झालंही तसंच. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ऑनलाइन कोर्सला सुमारे १,६०,००० जणांनी नाव नोंदवलं. मग सगळीकडे व्हिडिओ पाहा आणि प्रश्न सोडवा हाच साचा रूढ झाला. हार्वर्ड आणि एमआयटीच्या अशा कोर्सचा हिशोब २०१९ मध्ये ‘सायन्स’ या संशोधनपत्रिकेत छापून आला: २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी शेवटपर्यंत पोचले ३.१३ टक्के. अर्थात कित्येकजण नुसतं डोकावायलाच येतात, त्यामुळे आकडा वाटतो तितका भयंकर नाही. तरीही कमीच.

बोलण्याने नेमकं काय होतं? २००९ साली मिशेल स्मिथ आणि सहकाऱ्यांनी कोलोरॅडो विद्यापीठातल्या जनुकशास्त्राच्या वर्गात याचा छडा लावला. विद्यार्थ्यांनी आधी एका प्रश्नाचं उत्तर एकट्याने दिलं: ५२ टक्के बरोबर. शेजाऱ्यांशी चर्चा करून तेच उत्तर पुन्हा दिलं: ६८ टक्के. आता कोणीही म्हणेल, हुशार पोराचं ऐकून बाकीच्यांनी उत्तर बदललं असणार. म्हणून लगेच त्याच संकल्पनेवरचा, पण वेगळा प्रश्न प्रत्येकाला एकट्याने सोडवायला दिला. तिथे ७३ टक्के बरोबर! म्हणजे ही नक्कल नव्हती, समज होती. त्याहून नवल म्हणजे, ज्या गटांत सुरुवातीला कोणालाच बरोबर उत्तर येत नव्हतं, त्यातलेही काहीजण चर्चेनंतर बरोबर उत्तरापर्यंत पोचले, असं विश्लेषणातून दिसलं. शून्य अधिक शून्य बरोबर शून्य, हा हिशोब इथे चालला नाही.

कारण डोक्यात गुळगुळीत वाटणारी गोष्ट दुसऱ्याला सांगायला गेलं की मधली गाळलेली पायरी लगेच उघडी पडते. शिवाय सांगताना ती आठवावी लागते. रोएडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवणाऱ्यांच्या लक्षात ५६ टक्के मजकूर राहिला होता, वाचणाऱ्यांच्या ४२. आलेली पीडीएफ वाचून ‘समजलं’ वाटतं, ते त्या पहिल्या पाच मिनिटांतलं वाटणं असतं.

मग ग्रुपवर गप्प राहून वाचणाऱ्यांचं काय? त्यांना नावं ठेवायची घाई नको. मानवशास्त्रज्ञ जीन लेव्ह यांनी लायबेरियातल्या शिंप्यांकडे शिकाऊ मुलं कशी शिकतात ते पाहिलं होतं. ती मुलं आधी बटणं लावत, काठ दुमडत, मग शिवण, कापड कापणं सगळ्यात शेवटी. काठावर बसणं हाही शिकण्याचाच भाग असतो, फक्त आत यायला वाट हवी. ग्रुपवरचं ‘बटण लावणं’ म्हणजे दुसऱ्याने सोडवलेल्या गणितातली न कळलेली ओळ दाखवणं. तेवढं नवख्यालाही जमतं.

अडचणी आहेतच. सकाळचा प्रश्न संध्याकाळपर्यंत मेसेजांखाली गाडला जातो आणि ठासून सांगितलेल्या चुकीच्या उत्तरालाही भरपूर अंगठे मिळतात. त्यामुळे शिक्षक ग्रुपवर असावेत, पण त्यांनी जरा दमाने घ्यावं. लगेच उत्तर दिलं की चर्चा तिथेच संपते.

बरंचसं तर प्रश्न कसा टाकला यावरच ठरतं. ‘सातवं गणित येत नाही’ म्हटलं की सोडवलेल्या पानाचा फोटो येतो. त्याऐवजी कोणी लिहितं, ‘क्ष वर्ग बरोबर तीन क्ष. मी दोन्ही बाजूंना क्षने भागलं आणि तीन आलं. पुस्तकात दोन उत्तरं आहेत, माझं एक कुठे गेलं?’ यावर पान येत नाही. थोड्या वेळाने कोणीतरी उलट विचारतं, ‘क्ष शून्य असला तर भागता येईल का?’