मैदानावरच्या मैफलीत उभं कुठे राहावं?

मोठ्या कॉन्सर्टचं सगळ्यात महागडं तिकीट बहुधा रंगमंचाला चिकटलेल्या जागेचं असतं, आणि आवाजाच्या दृष्टीनं तीच जागा बऱ्याचदा सगळ्यात वाईट असते. आवडता कलाकार कपाळावरच्या घामासकट डोळ्यांसमोर पाहायचा असेल तर ती जागा जरूर घ्यावी. पण अल्बममधला शब्द न् शब्द पाठ करून जो गाणं ऐकायला आलाय, त्यानं पैसे भरण्याआधी स्पीकर कुठे टांगलेत आणि त्यांचा आवाज कसा प्रवास करतो, हे समजून घ्यावं. त्यासाठी शाळेतलं भौतिकशास्त्र पुरतं.

रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना केळीच्या लोंगरासारखी खाली लटकलेली स्पीकरची माळ दिसते, तिला साउंडवाले ‘लाइन अॅरे’ म्हणतात. या पद्धतीला आजचं रूप दिलं ते मूळचे भौतिकशास्त्रज्ञ असलेल्या ख्रिस्तियाँ हाइल यांच्या एल-अकूस्टिक्स या फ्रेंच कंपनीनं, १९९२ सालच्या ‘व्ही-डॉस्क’ यंत्रणेतून. एकटा स्पीकर आवाज सगळीकडे फेकतो, त्यामुळे अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो. दहा-बारा पेट्या एका उभ्या रेषेत नीट जुळवल्या तर काही अंतरापर्यंत ही घट ३ डेसिबलच्या आसपास राहते. म्हणून मधल्या आणि मागच्या प्रेक्षकांपर्यंत आवाज पोचवण्यासाठी पुढच्यांचे कान फोडावे लागत नाहीत.

मग पुढच्यांचं बिनसतं कुठे? माळेचा मुख्य झोत त्यांच्या डोक्यावरून जातो. गायकाचा आवाज त्यांना मिळतो तो रंगमंचाच्या कडेवर ठेवलेल्या लहान स्पीकरमधून, म्हणजे ‘फ्रंट फिल’मधून. समोर दोन-तीन मीटरवर जमिनीवर सब-वूफरची, म्हणजे फक्त खर्ज आवाज काढणाऱ्या मोठ्या स्पीकरची, रांग, वर खुद्द ड्रम आणि गिटारचे अॅम्प्लिफायर. छातीत धडधड भरपूर, शब्द मात्र गायब.

सब-वूफरचा खेळ तर मैदानभर चालतो, आणि तो जाणण्यासारखा आहे. ५० हर्ट्झच्या खर्ज आवाजाची लांबी, म्हणजे तरंगलांबी, जवळपास ७ मीटर असते. समजा सब-वूफरचे दोन ढीग रंगमंचाच्या डाव्या-उजव्या बाजूला, एकमेकांपासून २० मीटरवर आहेत आणि तुम्ही ३० मीटर मागे, अगदी मध्यरेषेवर उभे आहात. दोन्ही ढिगांपासूनचं अंतर सारखं, त्यामुळे दोन्हीकडच्या लाटा एकदमच पोचतात आणि खर्ज दणदणीत ऐकू येतो. आता साडेपाच मीटर बाजूला सरका. एक ढीग जवळ आला, दुसरा लांब गेला. फरक साधारण साडेतीन मीटर, म्हणजे बरोबर अर्धी तरंगलांबी. एकीकडची लाट हवा दाबते त्याच क्षणी दुसरीकडची ती सैल करते, आणि ५० हर्ट्झचा आवाज बराचसा पुसला जातो. ८० हर्ट्झसाठी हीच पोकळी सुमारे ३.४ मीटरवर येते. म्हणून एकाच रांगेतल्या दोघांचं ‘बेस भारी होता’ आणि ‘बेसच नव्हता’ यावरून भांडण होतं आणि दोघंही खरं बोलत असतात. चांगला इंजिनिअर सब-वूफर रंगमंचाच्या पूर्ण रुंदीवर एका ओळीत मांडतो आणि कडेच्या पेट्यांना काही मिलिसेकंद उशीर देऊन या पोकळ्या बऱ्याचशा टाळतो. तसं केलेलं नसेल, तर बेस हरवल्यासारखा वाटताच मध्यरेषेकडे चार-पाच पावलं टाकून पाहावं.

पुढचा मुद्दा वेळेचा. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धावतो. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे तीन कार्यक्रम झाले. एवढ्या मोठ्या मैदानात रंगमंच एका टोकाला असेल तर समोरची गॅलरी सहज दीडशे मीटरवर जाते. तिथे ठेका पोचायला ०.४३ सेकंद लागतात. गाण्याची लय मिनिटाला १२० ठोक्यांची असेल तर दोन ठोक्यांतलं अंतर अर्धा सेकंद, म्हणजे मागची गॅलरी जवळजवळ एक ठोका मागे असते. तिथले प्रेक्षक ऐकू आलेल्या ठेक्यावर अगदी बरोबर टाळ्या वाजवतात, पण त्या टाळ्या रंगमंचावर पोचेपर्यंत आणखी तेवढाच वेळ जातो. कलाकाराच्या कानात घट्ट बसवलेले, गाणं थेट कानात देणारे इअर-मॉनिटर असतात, त्याचं एक कारण हेच. त्या टाळ्यांच्या नादी लागला तर ड्रमर लय गमावून बसेल. काही कॉन्सर्टमध्ये प्रेक्षकांना वाटलेल्या मनगटपट्ट्यांवरचे दिवे मात्र संदेश मिळताच सगळीकडे एकदम उजळतात. मागे बसलेल्याला प्रकाश आधी दिसतो, ठोका नंतर ऐकू येतो. पडद्यावरचे ओठही शब्दांच्या पुढे धावताना दिसतात. यात साउंडवाल्याचा दोष नसतो.

त्याची खरी परीक्षा असते ती मैदानाच्या मध्यावर, मागच्या प्रेक्षकांसाठी उभ्या केलेल्या स्पीकरच्या मनोऱ्यावर, म्हणजे ‘डिले टॉवर’वर. समजा हा मनोरा रंगमंचापासून ७० मीटरवर आहे. त्यातले स्पीकर रंगमंचाबरोबरच वाजले, तर जवळच्या माणसाला मनोऱ्याचा आवाज आधी आणि रंगमंचाचा त्यानंतर सुमारे ०.२ सेकंदानं ऐकू येईल. प्रत्येक शब्द दोनदा. म्हणून मनोऱ्याला सुमारे २०३ मिलिसेकंद उशीर दिला जातो, आणि वर आणखी १० ते १५. हे जास्तीचे मिलिसेकंद कशासाठी, याचं उत्तर हेल्मुट हास या जर्मन संशोधकाच्या १९४९ सालच्या प्रबंधात आहे. तोच आवाज दोन दिशांनी थोड्या अंतरानं आला, तर आपला मेंदू आधी आलेल्या आवाजाची दिशा खरी मानतो. साधारण ५ ते ३० मिलिसेकंदांच्या आत आलेला दुसरा आवाज काहीसा मोठा असला तरी तो वेगळा ऐकूच येत नाही. त्यामुळे आवाजाचा जोर मनोरा देतो आणि गाणं रंगमंचावरूनच येतंय असं वाटतं.

हे गणित हवामानाशी बांधलेलं आहे. संध्याकाळी पाचला, ३० अंश तापमानात, आवाजाचा वेग सेकंदाला ३४९ मीटर. रात्री दहाला, २२ अंशांवर, तो ३४५च्या आत येतो. १०० मीटरवर सुमारे ४ मिलिसेकंदांचा फरक पडतो. १००० हर्ट्झच्या स्वरासाठी तेवढ्यात चार पूर्ण आवर्तनं होऊन जातात. दुपारच्या साउंड-चेकला नेटका लावलेला डिले रात्री ढिला पडतो तो यामुळेच, आणि जागरूक इंजिनिअर तापमान बघून तो पुन्हा लावतो.

वरचे स्वर, म्हणजे झांजेची किणकिण आणि शब्दांतले ‘स’, ‘श’, हवेत लवकर विरतात. मध्यम दमट हवेत ८००० हर्ट्झचा आवाज १०० मीटरमध्ये अंतरामुळे होणाऱ्या घटीशिवाय आणखी सुमारे १० डेसिबल गमावतो. कोरड्या हवेत याहून बराच जास्त. शिवाय त्याची तरंगलांबी जेमतेम ४ सेंटीमीटर, त्यामुळे तो अडथळ्याला वळसा घालत नाही, खर्ज घालतो. वरच्या गॅलरीच्या छताखाली खोल बसलात तर नुसता घुमारा ऐकू येतो तो याच कारणानं. साधी कसोटी अशी की जिथून स्पीकरची माळ किंवा मनोरा दिसत नाही, तिथे स्पष्ट शब्द ऐकू येणार नाहीत.

मग जागा कुठली? आसनांचा नकाशा उघडा आणि मैदानाच्या मधोमध मिक्सिंग कन्सोलचा चौकोन शोधा. तो बहुधा रंगमंचापासून ३० ते ४० मीटरवर असतो. सगळी यंत्रणा तिथे बसलेल्या माणसाच्या कानांनी जुळवलेली असते. त्याच्या थोडं पुढे किंवा लगेच मागे, दोन माळांच्या मधल्या पट्ट्यात जे तिकीट मिळेल ते घ्या. गॅलरीतच बसायचं असेल तर खालच्या मजल्याच्या पुढच्या रांगा, डोक्यावर छत नसलेल्या.

शास्त्रीय संगीताच्या मांडवात प्रश्न निराळे असतात. पं. भीमसेन जोशी यांनी १९५३ साली गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ सुरू केलेला पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव डिसेंबरच्या थंडीत होतो. उन्हं उतरली की जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा लवकर गार होते आणि आवाज वर निसटण्याऐवजी जमिनीकडे वाकतो. आवाज न वाढवताही तो लांबवर जातो, मांडवाबाहेरच्या घरांतही. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावायला २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार बंदी आहे, आणि ठरावीक दिवशी बारापर्यंत सवलत मिळते. त्या बंदीमागचं हे भौतिक कारण श्रोत्यांनीही लक्षात घ्यायला हवं.

वाद्यंही याच हवेत जगतात. रंगमंचावरच्या दिव्यांनी तानपुऱ्याच्या तारा तापल्या की लांबतात, ताण कमी होतो आणि स्वर उतरतो. दमट हवेत तबल्याची पुडी सैल पडते, कोरड्या थंडीत ताणली जाऊन स्वर चढतो. तबलजी हातोडीनं पुडीच्या कडेच्या गजऱ्यावर वरून ठोकतो तेव्हा स्वर चढवत असतो, खालून ठोकतो तेव्हा उतरवत असतो. ग्रीनरूममध्ये जुळवलेली वाद्यं मंचावर पुन्हा जुळवावीच लागतात. त्या दहा मिनिटांत गप्पा मारण्यापेक्षा कान तिकडे द्यावा. तानपुरा नीट लागला की मोकळ्या तारेतून वरचे स्वर उमलू लागतात, आणि ते एकदा पकडता आले की पुढचा सगळा ख्याल वेगळा ऐकू येतो.

मैफलीची तयारी घरी होते, हेही शास्त्रानं दाखवलेलं आहे. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात व्हॅलोरी सलिमपूर आणि रॉबर्ट झटोरे यांच्या गटानं २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना त्यांच्याच आवडीचं, अंगावर काटा आणणारं संगीत ऐकवलं आणि मेंदूचं चित्रण केलं. आनंदाशी जोडलेलं डोपामिन हे मेंदूतलं रसायन दोनदा स्रवत होतं. काटा येण्याच्या क्षणी एका भागात, आणि त्याआधी काही सेकंद, ती जागा आता येणार या अपेक्षेनं, दुसऱ्या भागात. ही अपेक्षा गाणं ओळखीचं असल्याशिवाय तयार होत नाही. म्हणून नवा अल्बम एकदा ऐकून मत बनवू नये. १० जुलै २०१५ पासून बहुतेक देशांत नवे अल्बम शुक्रवारी येतात. कॉन्सर्टआधी निदान दोन-तीन आठवडे हाती असतील तर रोज सलग एकदा, क्रम न मोडता ऐका.

ऐकताना दोन गोष्टी सांभाळा. इअरफोनची रबरी टोपी कानात घट्ट बसली नाही तर बेस गळून जातो आणि आपण उगाच आवाज वाढवत बसतो. आधी टोपीचा आकार बदलून पाहा. दुसरं, दोन रेकॉर्डिंगची तुलना करताना अॅपमधलं आवाज समान करण्याचं सेटिंग चालू ठेवा. एखाद-दुसऱ्या डेसिबलनं मोठी असलेली आवृत्ती आपल्याला नकळत जास्त चांगली वाटते, आणि त्या भरात चुकीची निवड होते.

आता कान. कामाच्या जागेवरची सुरक्षा पाहणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश या संस्थेच्या मर्यादेप्रमाणे ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास चालतो आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ला ४ तास, ९१ला २, ९४ला १, ९७ला अर्धा तास, १००ला फक्त १५ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ साली कार्यक्रमांच्या जागांसाठी १५ मिनिटांच्या सरासरीची कमाल मर्यादा १०० डेसिबल ठेवली. म्हणजे त्या मर्यादेत राहूनही दोन तासांची कॉन्सर्ट उघड्या कानाला जड जाते.

उपाय स्वस्त आहे. संगीतासाठी बनवलेले फिल्टरवाले इअरप्लग सगळ्या स्वरांना जवळपास सारखंच, साधारण १५ डेसिबलनं, खाली आणतात. शंभराचे ८५ होतात, आणि शब्द उलट स्पष्ट कळतात. औषधाच्या दुकानातले फोमचे प्लग वरचे स्वर जास्त खातात, म्हणून गाणं गोधडीआडून आल्यासारखं वाटतं. पण दुसरं काही नसेल तर तेही घ्यावेत. ते घालण्याची रीत महत्त्वाची आहे. प्लग बोटांनी वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर-मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत २० ते ३० सेकंद बोटानं धरून ठेवायचा. अर्धवट बाहेर लोंबणारा प्लग काही उपयोगाचा नाही. कापसाचे बोळे जेमतेम आवाज अडवतात, त्यांच्यावर विसंबू नका. लहान मुलांना प्लगऐवजी कानांवर बसणारे मफ लावा.

कॉन्सर्टनंतर कानात शिट्टी वाजणं आणि कानाला दडे बसल्यासारखं वाटणं एक-दोन दिवसांत जातं, म्हणून लोक ते सोडून देतात. पण २००९ साली शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगात असं दिसलं की श्रवणाची चाचणी पूर्ववत आल्यावरही कानातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी आणि श्रवणचेता यांच्यामधले बरेच सांधे कायमचे गेलेले होते. माणसाच्या कानातल्या या केसपेशीही एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. शिट्टी दोन दिवसांनंतरही चालू असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन ऑडिओमेट्री, म्हणजे श्रवणाची चाचणी, करून घ्या. आणि एका कानानं अचानक कमी ऐकू यायला लागलं तर मळ असेल म्हणून थेंब टाकत बसू नका. त्या आजारात उपचार पहिल्या काही दिवसांतच सुरू व्हावे लागतात, त्यामुळे त्याच दिवशी डॉक्टर गाठा.