मागे ठेवलेल्या वस्त्यांमधल्या संस्थांसाठी ग्रँट

ग्रँट म्हणजे परत न करायचे पैसे. ते कर्ज नसतं आणि नुसती देणगीही नसते, कारण ग्रँटला करार असतो, मुदत असते आणि शेवटी हिशोब द्यावा लागतो. सरकारी खातं, खाजगी फाउंडेशन किंवा कंपनी असे पैसे ना-नफा संस्थेला ठरलेल्या कामासाठी देते. ज्या वस्त्यांमध्ये बँकांचा, सरकारचा, उद्योगांचा पैसा पिढ्यान् पिढ्या पोचलाच नाही तिथे काम करणाऱ्या संस्थांच्या ग्रँटबद्दल ही नोंद आहे. उदाहरणं अमेरिकेतली घेतलीयत, कारण तिथे या विषयावर कायदेही झाले आणि भांडणंही भरपूर झाली.

अशा वस्त्या आपोआप गरीब झाल्या नाहीत हे आधी सांगायलाच हवं. १९३३ साली अमेरिकन सरकारने होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन हे घरमालकांना कर्ज देणारं महामंडळ काढलं, त्यांनी दोनशेहून जास्त शहरांचे नकाशे रंगवले आणि जो भाग कर्जाला धोक्याचा वाटला तो लाल केला, आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जवळजवळ सगळीकडे लालच निघाल्या. १९३४ पासून फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन हे केंद्र सरकारचं खातं गृहकर्जांना विमा द्यायला लागलं तेव्हा त्यांच्या नियमांतही हाच भेद होता. घर नाही घेता आलं की मुलांना द्यायला मालमत्ता उरत नाही, आणि शाळा चालतात बऱ्याचशा घरपट्टीवर, म्हणजे शाळाही मागेच. १९६८ च्या फेअर हाउसिंग ॲक्टने घरांच्या बाबतीतला असा भेदभाव बेकायदा ठरवला, १९७७ च्या कम्युनिटी रीइन्व्हेस्टमेंट ॲक्टने बँकांना सांगितलं की जिथून ठेवी घेता तिथल्या कमी उत्पन्नाच्या लोकांनाही कर्ज द्या. मधे १९७४ मध्ये कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँट ही सरकारी ग्रँट सुरू झाली, तिचे किमान ७० टक्के पैसे कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांच्या फायद्यासाठी खर्च करावे लागतात. खाजगी फाउंडेशनना दरवर्षी मालमत्तेच्या साधारण ५ टक्के वाटावे लागतात, हा नियम १९६९ च्या कर कायद्यातून आला. पण ते पैसे गरीब वस्तीतच जावेत असं त्यात कुठेही नाही.

आता खरी अडचण. ग्रँट मिळवायला प्रपोजल लिहावं लागतं, बजेट, ऑडिट, बोर्डाची यादी, मागच्या कामाचे आकडे, सगळं जोडावं लागतं, आणि हे काम करायला ज्या संस्थेकडे पगारी माणूस आहे तिलाच ते नीट जमतं. वस्तीतली छोटी संस्था बहुतेक वेळा दोन-तीन माणसांची, तीच माणसं दुपारी मुलांना शिकवतात, संध्याकाळी घरोघरी जातात आणि रात्री फॉर्म भरतात. म्हणजे गरज कुठे जास्त आहे यापेक्षा कागद कुणाचे चांगले आहेत यावर पैसा ठरतो, आणि ज्याला आधी मिळालं त्यालाच पुन्हा मिळतं कारण त्याच्याकडे दाखवायला रेकॉर्ड असतं. त्यात बऱ्याच सरकारी ग्रँट रिइम्बर्समेंटवर चालतात, आधी स्वतः खर्च करा, बिलं द्या, मग पैसे येतील. ज्या संस्थेच्या खात्यात दोन महिन्यांचे पगारही शिल्लक नाहीत तिने आधी खर्च कुठून करायचा? मंजूर झालेली ग्रँटही अशा वेळी अंगावर येते.

दुसरा गळफास ओव्हरहेडचा, म्हणजे संस्था चालवायच्या खर्चाचा. भाडं, वीज, अकाउंटंट, कॉम्प्युटर, हे सगळं काही फंडरना, म्हणजे पैसे देणाऱ्यांना, फुकटचा खर्च वाटतं आणि ते म्हणतात पैसे फक्त कार्यक्रमावर लावा. मग संस्था हा खर्च कमी दाखवते, फंडरला वाटतं एवढ्यात भागतं, पुढच्या वेळी तो अजून कमी देतो आणि संस्था आतून पोखरत जाते. हा प्रकार अगदी अन्यायाचा आहे कारण मोठ्या संस्था दुसरीकडून भरून काढतात, छोटीला दुसरीकडे काही नसतंच. फोर्ड फाउंडेशनने २०१५ मध्ये प्रोजेक्ट ग्रँटमधला ओव्हरहेड १० वरून २० टक्के केला. ज्यांचा ओव्हरहेडचा दर सरकारशी ठरलेला नाही अशा संस्थांना फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, ग्रँटमध्ये त्यासाठी १० टक्के घेता यायचे, ऑक्टोबर २०२४ पासून ते १५ झाले.

यावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे अटी न घालता, काही वर्षांसाठी सलग पैसे देणं. ॲमेझॉनच्या संस्थापकाच्या पूर्वीच्या पत्नी, अब्जाधीश दानशूर मॅकेन्झी स्कॉट यांनी अशी मोठी रक्कम वाटली. त्यांच्या यील्ड गिव्हिंग या देणगी उपक्रमाने २०२३ मध्ये खुला अर्ज काढला, ६,३५३ संस्था आल्या, आणि मार्च २०२४ मध्ये ३६१ संस्थांना मिळून ६४ कोटी डॉलर जाहीर झाले. आधी २५० संस्थांनाच देणार होते, ते वाढवलं. पण त्यातही वार्षिक बजेट १० लाख डॉलरच्या वर असावं ही अट होतीच, म्हणजे वर सांगितलेली दोन-तीन माणसांची संस्था तिथेही बाहेरच राहिली.

अशा संस्था मग फिस्कल स्पॉन्सर शोधतात, म्हणजे नोंदणी झालेली दुसरी संस्था त्यांच्या वतीने पैसे घेते, हिशोब ठेवते आणि त्यातून काही टक्के कापून घेते. काही फंड त्याहून पुढे जाऊन पैसे कुणाला द्यायचे हे ठरवायला वस्तीतल्याच लोकांची समिती बसवतात. याला वेळ जास्त लागतो, वादही होतात, पण कोणती संस्था खरंच दारोदार जाते आणि कोणती नुसते फोटो काढते हे तिथल्या बाईला विचारलं तर ती एका मिनिटात सांगते.