मेस्त्रे की सांता लुचिया? हिवाळ्यात व्हेनिसला एकच रात्र असेल तर

आम्ही पहिल्यांदा मिलानहून व्हेनिसला निघालो तेव्हा गाडीत अनाउन्समेंट झाली "वेनेत्सिया मेस्त्रे", त्यातलं वेनेत्सिया तेवढं कानात शिरलं आणि आम्ही बॅगा ओढत उतरलो. बाहेर येऊन बघतो तर टॅक्सी, बसस्टॉप, सिग्नल, कालवा सोडा साधं डबकंही नाही. नवरा म्हणाला, अगं आपल्याला टर्मिनस हवं होतं, हे कुर्ला झालं.

अगदी तोच प्रकार आहे. मेस्त्रे हे जमिनीवरचं जंक्शन, सांता लुचिया हे जुनं व्हेनिस ज्यावर आहे त्या बेटावरचं शेवटचं स्टेशन, पुढे रूळच नाहीत. मधे खाडीवरचा पूल, 1846 मधला, गाडीला दहा-बारा मिनिटं लागतात, बस. घोळ होतो कारण दोन्ही ठिकाणं एकाच व्हेनिस महापालिकेत येतात, म्हणजे हॉटेलच्या पत्त्यात दोन्हीकडे व्हेनिसच लिहिलेलं असतं आणि "स्टेशनपासून 200 मीटर" वाचून आपण खूश, ते कुठलं स्टेशन हे कोण बघतंय.

मेस्त्रेला राहा, स्वस्त पडतं, दिवसा बेटावर फिरून या, हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि उन्हाळ्यासाठी तो बरोबरही आहे कारण दिवस रात्री नऊपर्यंत ताणलेला असतो. पण डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो. दुपारी दीडला पोचलात, सामान टाकलंत, कुठेतरी जेवलात की उजेड संपला. उरते ती संध्याकाळ आणि रात्र, आणि खरं सांगायचं तर हिवाळ्यातलं व्हेनिस तेव्हाच सुरू होतं, टूरवाली गर्दी गेलेली असते, कालव्यावर धुकं उतरतं, मोटारी मुळातच नाहीत त्यामुळे गल्लीत आपल्याच बुटांचा आवाज येत राहतो, आणि नेमकं तेव्हा तुम्ही घड्याळ बघत परतीची गाडी गाठायला पळणार? त्यात मध्यरात्रीनंतर गाड्या विरळ. ख्रिसमस-न्यू इयर आणि कार्निव्हलचे दिवस सोडले तर बेटावरचे रेटही हिवाळ्यात खाली येतात, म्हणजे मेस्त्रेला राहून वाचतात ते पैसे फार नसतात.

बेटावर राहण्यातली खरी कटकट म्हणजे सामान. प्रत्येक पुलाला पायऱ्या, चढायच्या आणि उतरायच्या, थंडीत त्या ओल्या असतात. वॉटरबस घेतली तर एका फेरीचे साडेनऊ युरो. यावर सोपा उपाय, स्टेशनबाहेर पडून डावीकडे वळलं की लिस्ता दी स्पान्या नावाचा सपाट रस्ता आहे, त्याच्या शेवटी गुल्ये पूल येतो, हॉटेल त्या पुलाच्या अलीकडे बघा, एकही पूल चढावा लागत नाही. भाग टुरिस्टी आहे, जेवायला मात्र पूल ओलांडून पुढे जा.

दुसरी भीती पुराची, अक्वा आल्ता. 12 नोव्हेंबर 2019 ला भरतीची पातळी 187 सेंटीमीटरपर्यंत चढली होती (ही समुद्राची पातळी, रस्त्यावरच्या पाण्याची खोली नव्हे), ते व्हिडिओ बघून लोक अजून घाबरतात. पण ऑक्टोबर 2020 पासून मोझे नावाचे भरती अडवणारे दरवाजे चालू झालेत, 110 सेंटीमीटरच्या आसपास भरतीचा अंदाज आला की ते वर करतात आणि समुद्र बाहेरच अडतो. त्याच्या खालची भरती मात्र आत येते, आणि सान मार्कोचा चौक शहरात सगळ्यात सखल, तिथे घोट्याएवढं पाणी साठू शकतं. स्टेशनकडचा भाग त्यामानाने उंच. शिवाय ही भरती आहे, काही तासांत उतरते, मुंबईच्या पावसासारखं पाणी तुंबून राहत नाही. बूट वॉटरप्रूफ घ्या की झालं.

मग मेस्त्रे कधी? रात्री नऊ-दहाला पोचून सकाळी सहा-सातला पुढे निघायचं असेल तर डोळे झाकून मेस्त्रे, कारण तेव्हा व्हेनिस बघायचंच नाहीये, नुसतं झोपायचंय. पुढे पूर्वेला त्रिएस्ते शहराकडे जाणार असाल तरी तेच, तिकडच्या काही फास्ट गाड्या बेटावर जातच नाहीत, मेस्त्रेवरूनच वळतात. लिफ्ट, मोठ्या खोल्या, स्टेशनला चालत हे सगळं तिथे सहज मिळतं. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही, मेस्त्रेत बांगलादेशी लोकांची मोठी वस्ती आहे, आठवडाभर पास्ता-पिझ्झा खाऊन जीव विटला असेल तर डाळ-भाताची सोय स्टेशनच्या आसपासच होते (मी तर दोनदा जेवले).

पर्यटक-कर दोन्हीकडे लागतो, मेस्त्रेला कमी. दिवसभरासाठी येणाऱ्यांना 2024 पासून जी एन्ट्री फी लावतात ती वसंत-उन्हाळ्यातल्या ठराविक दिवसांची, हिवाळ्यात तिचा विचार नको. दोन स्टेशनांमधल्या लोकलचं कागदी तिकीट घेतलंत तर गाडीत चढण्याआधी मशीनमध्ये पंच करा, नाहीतर तिकीट असून दंड.

आमचं काय झालं तर, पुढची लोकल पकडून सांता लुचियाला गेलो, दारातून बाहेर आलो आणि पायऱ्यांखाली सरळ ग्रँड कॅनॉल, पलीकडे चर्चचा हिरवा घुमट, दोघंही पाच मिनिटं गप्प. मग नवऱ्याने हॉटेलचा मॅप उघडला. स्टेशनपासून बरोबर 200 मीटर होतं, आत्ताच सोडून आलेल्या स्टेशनपासून, आणि बुकिंग नॉन-रिफंडेबल.