जास्त पुरवण्या, जास्त मार्क?

परीक्षा जवळ आली की कॉलेज रोडच्या टपरीवर हा सल्ला फुकट मिळतो: "निबंधाला पुरवण्या जोड, सर पानं मोजतात." पानं कुणी मोजत नाही हो. तपासणाऱ्यापुढे गठ्ठा असतो. पहिल्या परिच्छेदात मुद्दा दिसला नाही की त्याचा लाल पेन पळायला लागतो.

याचाच जुळा भाऊ म्हणजे सुविचाराने सुरुवात. 'गोदावरीचे प्रदूषण' विषय आला की हमखास 'जल हेच जीवन'. (मीही हेच लिहायचो.) त्याऐवजी हे बघा: 'ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी 1465 किलोमीटर वाहते, पण तिची परीक्षा तीसेक किलोमीटरवर, नाशकातच सुरू होते.' ठिकाण आलं, आकडा आला आणि तुमची भूमिकाही. पुढचे परिच्छेद मग त्या 'परीक्षे'भोवतीच फिरतात: सांडपाणी, निर्माल्य, घाटावरची गर्दी. यात न बसणारं वाक्य कितीही देखणं असलं तरी काटायचं.

तासाभराचा निबंध असेल तर पहिली दहा मिनिटं कच्चे मुद्दे काढा. शेजारचा दुसरी पुरवणी मागत असेल, मागू दे. शेवटची पाच मिनिटं ऱ्हस्व-दीर्घासाठी.