ओसीआर आणि एक्स्ट्रॅक्शन: कागद वाचणं वेगळं, कागद कळणं वेगळं

न्हावा शेवा बंदराचं काम करणाऱ्या कस्टम ब्रोकरांच्या (आयातदारांच्या वतीने कस्टम्सचे कागद भरणाऱ्यांच्या) ऑफिसांत, मग ते उरणला असो, पनवेलला असो की बेलापूरला, सध्या सॉफ्टवेअरचे डेमो जोरात चालू आहेत. पार्टीकडून, म्हणजे माल मागवणाऱ्या गिऱ्हाइकाकडून, आलेला इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि बीएल (बिल ऑफ लेडिंग, जहाजावर चढवलेल्या मालाची पावती) अपलोड करा, बिल ऑफ एंट्रीची (आयात मालासाठी कस्टम्सला द्यायच्या अर्जाची) चेकलिस्ट भरून मिळेल, असं सांगितलं जातं. विकणारा त्याला एआय म्हणतो. ऐकणाऱ्यांपैकी काहींना वाटतं, हे तर स्कॅनमधली अक्षरं वाचणारं जुनं ओसीआरच. काही जण धरून चालतात की एआय म्हटल्यावर तपासायचं काम संपलं. दोन्ही समज महागात पडतात. त्या एका सॉफ्टवेअरच्या पोटात दोन निराळी कामं चाललेली असतात, आणि ती चुकतातही निराळ्या तऱ्हेने.

ओसीआरचं काम म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणं. स्कॅन केलेला बीएल संगणकाच्या दृष्टीने फोटोच असतो. ओसीआर त्यातून मजकूर काढून देतं आणि कुठला शब्द पानावर कुठे आहे तेही सांगतं. तिथे त्याचं काम संपतं. '१८,४५०' हा आकडा किलो आहे की डॉलर, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. ओसीआर जुनं आणि एआय नवं, अशी विभागणी मात्र बरोबर नाही. टेसरॅक्ट हे ओसीआर इंजिन एचपी कंपनीत १९८०च्या दशकात सुरू झालं, २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं, आणि २०१८ च्या चौथ्या आवृत्तीपासून तेही न्यूरल नेटवर्कवर चालतं. म्हणजे आजच्या ओसीआरमध्येही एआय आहेच. फरक पाहायचा तो कामाचा.

दुसरं काम एक्स्ट्रॅक्शनचं. मिळालेल्या मजकुरातला शिपर (माल पाठवणारा) कोण, कन्साइनी (माल घेणारा) कोण, ग्रॉस वजन कुठलं, इन्व्हॉइसची तारीख कुठली, हे ठरवायचं आणि योग्य रकान्यात भरायचं. पूर्वी यासाठी टेम्प्लेट बनवत: अमुक सप्लायरच्या इन्व्हॉइसवर उजव्या कोपऱ्यात वरून तिसऱ्या ओळीत नंबर असतो. सप्लायरने लेटरहेड बदललं की टेम्प्लेट गेलं. आताची मॉडेल्स शब्द आणि पानाची मांडणी एकत्र बघतात, त्यामुळे कधी न पाहिलेल्या इन्व्हॉइसवरही त्यांचं चालतं. काही तर ओसीआरची पायरी न घेता थेट चित्रावरूनच उत्तर देतात.

बीएलवरून हा फरक नीट दिसतो. फॉरवर्डरमार्फत (माल पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्या मध्यस्थामार्फत) आलेल्या मालाच्या फाईलमध्ये अनेकदा दोन बीएल असतात. शिपिंग लाइनने दिलेला मास्टर, ज्यावर कन्साइनी म्हणून फॉरवर्डरचा इथला एजंट असतो, आणि फॉरवर्डरने दिलेला हाऊस, ज्यावर खऱ्या आयातदाराचं नाव असतं. कंटेनर नंबर दोन्हीकडे एकच. ओसीआर दोन्ही पानं बिनचूक वाचू शकतं. तरी चेकलिस्टमध्ये आयातदाराच्या जागी एजंटचं नाव आलं, तर एकही अक्षर चुकलेलं नसताना फाईल चुकली.

इन्व्हॉइसच्या रकमेचंही तसंच. समजा रक्कम १०,००० डॉलर आहे आणि खाली बारीक अक्षरात एफओबी, म्हणजे भाडं आणि विमा न धरलेली किंमत, असं लिहिलंय. आपल्याकडे मालाचं मूल्य भाडं आणि विमा धरून ठरतं. २००७च्या कस्टम्स व्हॅल्युएशन नियमांतल्या नियम १० प्रमाणे भाडं कळत नसेल तर एफओबीच्या २० टक्के आणि विमा कळत नसेल तर १.१२५ टक्के धरतात. म्हणजे मूल्य होतं १२,११२.५० डॉलर. सॉफ्टवेअरने '१०,०००' अचूक उचलले, पण ते एफओबी आहेत हे सोडलं आणि सीआयएफ (भाडं-विम्यासकट किंमत) धरलं, तर ड्युटी कमी भरली जाईल. उलट झालं तर पार्टीचे पैसे विनाकारण जातील. ती तीन अक्षरं त्या रकमेचाच भाग आहेत, म्हणून रक्कम आणि इन्कोटर्म (एफओबी, सीआयएफ अशी व्यवहाराची अट) एकत्र उचलणाऱ्या सॉफ्टवेअरलाच मी एक्स्ट्रॅक्शन म्हणेन.

'आमची अचूकता ९९ टक्के' हे वाक्य डेमोत हमखास ऐकू येतं. कशाची अचूकता, हे तिथल्या तिथे विचारायला हवं. ती अक्षरांची असेल, तर कंटेनर नंबर ११ अक्षरांचा असतो. प्रत्येक अक्षर बरोबर येण्याची शक्यता ९९ टक्के धरली, तर पूर्ण नंबर बरोबर येण्याची शक्यता साधारण ८९.५ टक्के उरते, म्हणजे दहातला एक नंबर चुकणार. रकान्यांची असेल, तर ४० रकान्यांच्या फाईलमध्ये दर रकाना ९८ टक्के अचूक असूनही एकही दुरुस्ती न लागणाऱ्या फाईली निम्म्यापेक्षा कमी निघतात. आकडा खोटा नसतो, फक्त तो कशाचा आहे ते सांगितलेलं नसतं.

चुकांचा चेहराही वेगळा. ओसीआरची चूक बहुधा दिसते: शून्याच्या जागी 'ओ', आठाच्या जागी 'बी', पार्टीच्या नावात मधेच उभी रेघ. तपासणाऱ्याची नजर तिथे अडखळते. कंटेनर नंबरला तर यंत्रानेच पकडता येईल अशी सोय आहे. आयएसओ ६३४६ प्रमाणे चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी एक तपासणीचा आकडा असतो. सीएसक्यूयू ३०५४३८३ हा नंबर घ्या. प्रत्येक अक्षराला ठरलेली किंमत असते. ती आणि पुढचे आकडे १, २, ४, ८ असे दुप्पट होत जाणाऱ्या गुणकांनी गुणले की बेरीज ६१८५ येते. तिला ११ ने भागल्यावर बाकी ३ उरते, आणि तोच शेवटचा आकडा. मधला ८ चुकून ३ वाचला गेला असता तर बाकी ६ आली असती आणि नंबर तिथेच अडला असता.

एक्स्ट्रॅक्शनची चूक मात्र नीटनेटकी असते. पॅकिंग लिस्टवर नेट वजन दिलेलंच नाही आणि भाषेच्या मॉडेलने तिथे पटण्याजोगा आकडा भरला, तर त्यात नजर अडखळावी असं काही नसतं. अमेरिकन सप्लायरची ०४/०५/२०२५ ही तारीख ५ एप्रिल असते. आपल्याला ती ४ मे दिसते. मॉडेलने कुठलीही निवडली तरी ती तारीखच दिसणार. इथे स्पेलिंग तपासून उपयोग नाही. कागद कागदाशी ताडून पाहावे लागतात: ओळींची बेरीज इन्व्हॉइसच्या एकूण रकमेशी, पॅकेजेसची संख्या पॅकिंग लिस्ट, बीएल आणि आयजीएमशी (जहाजातल्या मालाची कस्टम्सला दिलेली यादी). सॉफ्टवेअरने प्रत्येक रकान्यापुढे मूळ पानावरची जागा दाखवली पाहिजे, आणि कागदावर नसलेला रकाना रिकामाच ठेवला पाहिजे. ही शेवटची अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

घाई खरीच असते, हे मान्य. कस्टम्स ॲक्टच्या कलम ४६ प्रमाणे साधारणपणे जहाज येण्याच्या आदल्या दिवसाअखेर बिल ऑफ एंट्री भरावी लागते. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि पुढे रोज १०,००० रुपये. त्यामुळे टायपिंगचा वेळ वाचवणारं साधन हवंच. पण फाईल केल्यावर दुरुस्ती करायची तर कलम १४९ खाली परवानगी घ्यावी लागते, आणि २०१८च्या ब्रोकर लायसन्सिंग नियमांतला नियम १० योग्य ती खबरदारी घेण्याची जबाबदारी ब्रोकरवर टाकतो. सॉफ्टवेअर कंपनीवर तो काही टाकत नाही.

एचएस कोडच्या (मालाचं वर्गीकरण सांगणाऱ्या आकड्याच्या) बाबतीत तर दोन्ही कामं बरोबर होऊनही उत्तर चुकू शकतं. चीनच्या किंवा अमेरिकेच्या सप्लायरच्या इन्व्हॉइसवर १० अंकी कोड असू शकतो. त्यातले पहिले ६ अंक जगभर सारखे, पुढचे ज्या त्या देशाचे. आपल्या टॅरिफमध्ये ८ अंक असतात. सप्लायरच्या कोडचे पहिले ८ अंक कापून चेकलिस्टमध्ये टाकणं हे वर्गीकरण नव्हे. ते माल समजणाऱ्या माणसाचंच काम आहे.

काही ठिकाणी एवढा सरंजाम लागतच नाही. गेटवरच्या कॅमेऱ्याला फक्त कंटेनर नंबर वाचायचा असतो, तिथे ओसीआर पुरतं. सप्लायरच्या बिलिंग सॉफ्टवेअरमधून थेट निघालेल्या पीडीएफमध्ये अक्षरं आधीच असतात, तिथे ओसीआरसुद्धा नको. असा पीडीएफ प्रिंट करून, शिक्का मारून, पुन्हा स्कॅन करून पाठवू नका, मूळ फाईलही द्या, एवढं पार्टीला सांगितलं तरी बऱ्याच चुका मुळातच टळतात.

डेमोला विकणाऱ्याच्या नमुना फाईली बघू नका. आऊट ऑफ चार्ज झालेल्या, म्हणजे कस्टम्सने माल सोडलेल्या, स्वतःच्या जुन्या फाईली, पार्टीच्या परवानगीने, त्याला द्या. त्यांची बरोबर उत्तरं तुमच्याकडे आहेतच. त्यात मास्टर आणि हाऊस दोन्ही असलेली एक, दशांशाला स्वल्पविराम देणारा जर्मन इन्व्हॉइस असलेली एक, मोबाइलवर काढलेल्या फोटोची एक आणि नेट वजन नसलेली एक असू द्या. निकाल मोजताना अक्षरांच्या चुका आणि रकान्यांच्या चुका वेगळ्या मांडा. पहिल्या जास्त असतील तर स्कॅनर आणि मूळ पीडीएफकडे बघा. दुसऱ्या जास्त असतील तर चांगला स्कॅनर आणून काही फरक पडणार नाही.