पार्श्वभूमी : सूतगिरणीची कॅप्टन मासाए कासाई

खारघर-नेरूळपासून ठाण्याच्या घोडबंदर रोडपर्यंत कितीतरी सोसायट्यांमध्ये रात्रीची जेवणं आटोपली की नेट बांधलं जातं आणि बायकांचा थ्रोबॉल सुरू होतो. चाळिशी उलटलेल्या आयांनी असं नेमानं खेळणं काहींना नवं फॅड वाटतं. जपानमध्ये मात्र आयांच्या व्हॉलीबॉलची राष्ट्रीय स्पर्धा १९७० पासून भरते. ती लाट उसळली १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमधल्या सुवर्णपदकामुळे. त्या संघाच्या कॅप्टनचं, मासाए कासाईचं नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

जन्म १९३३ चा, यामानाशीतला. नोकरी ओसाकाजवळच्या काइझुका गावी, निचिबो सूतगिरणीत. गिरण्यांचे संघ आपल्यालाही ठाऊक आहेत, पण आपल्याकडे ते पुरुषांच्या कबड्डीचे. निचिबोच्या मुली दिवसा गिरणीच्या ऑफिसात काम करायच्या आणि संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत सराव. प्रशिक्षक हिरोबुमी दाइमात्सू अतिशय कठोर. त्यांनी घोटून घेतलेला डाव म्हणजे लोळण घेत केलेला रिसीव्ह : लांब पडणाऱ्या बॉलवर झेप घ्यायची, तो वर उडवायचा, पडता पडताच खांद्यावरून कोलांटी मारायची आणि पुढचा फटका यायच्या आत पायावर उभं राहायचं. पाडली तरी उभी राहणाऱ्या बाहुलीवरून ही युक्ती सुचली, असं सांगतात. उंच, ताकदवान सोव्हिएत खेळाडूंचे स्मॅश याच डावामुळे जमिनीला टेकेनासे झाले.

१९६० च्या जागतिक स्पर्धेत जपान सोव्हिएत संघामागे दुसरा आला. १९६२ मध्ये खुद्द मॉस्कोत त्यांनी सोव्हिएत संघाला हरवलं. (पहिल्या जागतिक स्पर्धेत, १९५२ साली, याच मॉस्कोत भारताच्या मुलीही खेळल्या होत्या. आठ संघांत आठव्या आल्या, पण जपानच्या आधी तिथे पोचल्या होत्या. हेही आपण विसरलो.)

मॉस्को जिंकल्यावर कासाईला थांबायचं होतं, लग्न करायचं होतं. पण व्हॉलीबॉल ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदाच येणार होता. खेळत राहा, असं सांगणारी लोकांची पत्रं ढिगानं आली आणि ती खेळत राहिली. २३ ऑक्टोबर १९६४ ला निर्णायक सामन्यात जपाननं सोव्हिएत संघाला ३-० नं हरवलं. टीव्हीवर त्या सामन्याला ६६.८ टक्के रेटिंग मिळालं. कासाई तेव्हा ३१ वर्षांची होती.

पुढे श्रेय बरंचसं प्रशिक्षकाच्या नावावर जमा झालं. दाइमात्सू १९६८ मध्ये खासदार झाले. पण कोर्टवर संघ सांभाळणारी, आपल्या आयुष्याचा बेत दोन वर्षं पुढे ढकलणारी ती होती, आणि माझ्या मते त्या विजयात तिचा वाटा प्रशिक्षकाइतकाच मोठा आहे. कासाईनं १९६५ मध्ये लग्न केलं आणि नंतर आयांच्या संघांना खेळ शिकवला. अमेरिकेतल्या होल्योक गावी, जिथे १८९५ मध्ये हा खेळ जन्मला, तिथल्या व्हॉलीबॉल हॉल ऑफ फेममध्ये तिचा समावेश २००८ मध्ये झाला. २०१३ मध्ये, वयाच्या ८० व्या वर्षी, ती गेली.