फ्रिक्वेन्सी जागेवर ठेवण्याची शंभर वर्षे

मोर्सवर बोलणारे हौशी रेडिओवाले आजही एकमेकांना '५९९' असा रिपोर्ट देतात. पहिला आकडा किती स्पष्ट वाचता येतंय त्याचा, दुसरा सिग्नलच्या जोराचा आणि तिसरा सुराचा. तिसऱ्याला आता फारसं काम उरलेलं नाही, सगळेच डोळे मिटून ९ देतात. १९३४ साली ही पद्धत आली तेव्हा मात्र तो आकडा मनापासून दिला जाई. हवेतले बहुतेक ट्रान्समीटर घरी बांधलेले असत आणि त्यांचे सूरही तसेच असत: कुणाचा गुरगुरणारा, कुणाचा थरथरणारा, तर कुणाचा प्रत्येक डॅशला चिमणीसारखा 'चिवू' करून घसरणारा. नुसता सूर ऐकून समोरच्याने सेट कसा बांधलाय हे ओळखता येई.

घरगुती सेटच्या इतिहासात पॉवर आणि अँटेनाबद्दल पुष्कळ बोललं जातं. बांधणाऱ्याला पिढ्यान्पिढ्या छळलं ते मात्र दुसऱ्याच गोष्टीने. फ्रिक्वेन्सी जिथे लावावी तिथे ती राहत नाही.

ठिणगीने लहरी काढणाऱ्या स्पार्क ट्रान्समीटरच्या काळात हा प्रश्नच नव्हता, कारण जागेवर ठेवावी अशी नेमकी फ्रिक्वेन्सीच नसे. मोटारीची इग्निशन कॉइल, जस्ताच्या दोन टोकांमधली गॅप, काचेच्या तावदानांवर धातूचा वर्ख चिकटवून केलेला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) आणि तांब्याच्या नळीचं वेटोळं, म्हणजे हेलिक्स, एवढ्यावर स्टेशन उभं राही. प्रत्येक ठिणगीची लहर काही आवर्तनांतच विझायची, त्यामुळे तिची ताकद मोठ्या पट्ट्यात पसरायची. हेलिक्स आणि अँटेनाची जोडणी घट्ट केली, तर एकाऐवजी दोन ठिकाणी सिग्नल निघे. १९१२ च्या अमेरिकी कायद्याने हौशींना २०० मीटरपेक्षा आखूड लहरींवर ढकललं आणि पॉवरला १ किलोवॉटची मर्यादा घातली. त्या लहरी तेव्हा कुचकामी समजल्या जात.

व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या इलेक्ट्रॉन नळ्या, आले आणि अखंड लहर घरच्या टेबलावर तयार होऊ लागली. डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली यांनी स्कॉटलंडमधल्या आर्ड्रॉसनला अमेरिकी हौशींचे सिग्नल टिपले. २८ नोव्हेंबर १९२३ ला नीसचे लिऑन देलॉय आणि कनेक्टिकटचे फ्रेड श्नेल यांच्यात सुमारे ११० मीटरवर अटलांटिकपार दुतर्फा संभाषण झालं. वर्षभरात, ऑक्टोबर १९२४ मध्ये, न्यूझीलंड आणि इंग्लंड जोडले गेले. 'कुचकामी' लहरींची किंमत सगळ्यांना कळली आणि पट्ट्यांत गर्दी झाली.

त्या काळचा नेहमीचा ट्रान्समीटर म्हणजे एकच व्हॉल्व्ह: हार्टले ऑसिलेटर (लहर निर्माण करणारं सर्किट) आणि त्याच्याच कॉइलला जोडलेली अँटेना. यात बिघडायला जागा भरपूर. वाऱ्याने तार हलली की तिची जमिनीशी असलेली कपॅसिटी बदले आणि सूर डुले. मोर्सची की दाबली की ट्रान्सफॉर्मरवर ताण येऊन व्हॉल्व्हच्या प्लेटचा (धन टोकाचा) व्होल्टेज पडे, त्याबरोबर फ्रिक्वेन्सी सरके, हीच ती 'चिवू'. फिल्टर कपॅसिटर महाग म्हणून कुणी प्लेटला थेट एसी दिला, तर सुरात मेन्सची गुरगुर मिसळे. हे दोष खपून जात होते, कारण पट्टे ऐसपैस होते.

ते १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेत आवळले गेले. १ जानेवारी १९२९ पासून अमेरिकी हौशींचा ७ ते ८ मेगाहर्ट्झचा पट्टा ७.० ते ७.३ एवढाच उरला. त्याआधीच्या वर्षभरात रेडिओतंत्रज्ञ रॉस हल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरगुती सेट सुधारण्याचा धडाका लावला. 'हाय-सी' (जास्त कपॅसिटी) हा त्यातला सर्वांत सोपा उपाय. कॉइलचे वेढे कमी करायचे आणि समांतर कपॅसिटर मोठा लावायचा. तापल्यावर व्हॉल्व्हची अंतर्गत कपॅसिटी एक-दोन पीएफने (पिकोफॅरॅड, कपॅसिटीचं एकक) बदलते. कॉइल-कपॅसिटरच्या जोडीत, म्हणजे टँकमध्ये, ५० पीएफ असतील तर तो बदल जाणवतो, ५०० असतील तर जवळपास बुडून जातो. दुसरा उपाय म्हणजे ऑसिलेटर आणि अँटेना यांच्यामध्ये अँप्लिफायर घालणं. आज हे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. तेव्हा एका व्हॉल्व्हचा खर्च वाढे, म्हणून लोक टाळत.

पक्का इलाज क्वार्ट्झच्या क्रिस्टलचा होता. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ वॉल्टर केडी यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला क्रिस्टलने ऑसिलेटर बांधून ठेवता येतो हे दाखवलं, आणि पिअर्स यांच्या सर्किटने ते एका व्हॉल्व्हवर आणलं. परिषदेने ठरवलेले पट्टे एकमेकांच्या दुपटीत होते, त्यामुळे ३.५ मेगाहर्ट्झच्या एका क्रिस्टलवरून दुप्पट करत ७, १४ आणि २८ काढता येई. अडचण फक्त किमतीची. म्हणून बरेच जण क्वार्ट्झची कोरी चकती आणून हवी ती जाडी होईपर्यंत स्वतः घासत.

हे घासणं म्हणजे चिकाटीची परीक्षा होती. १९३४ मध्ये आलेल्या एटी कटसाठी (क्वार्ट्झ ठरावीक कोनात कापण्याची पद्धत) हिशेब सरळ आहे: १.६६ ला मिलिमीटरमधल्या जाडीने भागलं की मेगाहर्ट्झ मिळतात. म्हणजे ३.५ साठी साधारण ०.४७ मिमी, ७ साठी ०.२४ मिमी. सपाट काचेवर बारीक कार्बोरंडम (घासायची कठीण पूड) आणि पाणी घ्यायचं, चकतीवर एका बोटाचा अगदी हलका दाब ठेवायचा आणि इंग्रजी आठच्या आकारात फिरवायचं. मध्येच चकती वळवायची, नाहीतर एक कड पातळ होते आणि क्रिस्टल एकतर दोन फ्रिक्वेन्सींवर उड्या मारतो किंवा सुरूच होत नाही. दर खेपेला साबणाने, ब्रशने धुऊन, कडेला धरून होल्डरमध्ये बसवायचं आणि मोजायचं. पृष्ठभागावर बोटाचं तेल राहिलं तरी तो सुस्तावतो. ७ मेगाहर्ट्झला एक मायक्रॉन जास्त घासला गेला तर फ्रिक्वेन्सी जवळपास ३० किलोहर्ट्झ वर जाते, आणि घासलेलं परत येत नाही. चकतीवर मऊ पेन्सिलीने शिसं घासून थोडी फ्रिक्वेन्सी खाली आणता येते, पण अति झालं की क्रिस्टल मरतो.

क्रिस्टल जागा सोडत नाही, हीच त्याची अडचणही होती. आपल्या जागेवर कुणी बसलं की हलता येत नसे. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी सेट मोडीच्या भावात बाजारात आले आणि हौशींना सुटण्याची वाट सापडली. अमेरिकी विमानांतला बीसी-४५९ हा ट्रान्समीटर ७ ते ९.१ मेगाहर्ट्झचा, आत एक ऑसिलेटर आणि १६२५ व्हॉल्व्हची जोडी. १६२५ म्हणजे ८०७ या व्हॉल्व्हचाच १२.६ व्होल्ट हीटरचा प्रकार. दोन हीटर सिरीजमध्ये जोडलेले असत, कारण विमानात २४ व्होल्टच्या आसपासचा पुरवठा असे. त्याची गीअरवाली ट्यूनिंग यंत्रणा घरी बनवणं अशक्यच होतं. डायनामोटर (बॅटरीवरून वरचा व्होल्टेज देणारं यंत्र) काढून मेन्सवर चालवताना नेहमीची चूक एकच: ऑसिलेटर आणि फायनलला (शेवटच्या अँप्लिफायरला) एकाच ढिल्या सप्लायवरून व्होल्टेज देणं. की दाबली की पुन्हा तीच 'चिवू'. ऑसिलेटरला वेगळा, स्थिर केलेला व्होल्टेज दिला की ती जात असे.

१९४८ मध्ये जेम्स क्लॅप यांचं स्थिर ऑसिलेटरचं सर्किट प्रसिद्ध झालं आणि नंतर ट्रान्झिस्टर आले. व्हॉल्व्हची भट्टी गेली तरी उष्णता पूर्ण गेली नाही. टी-५०-६ या पिवळ्या टोरॉइडवर (कड्यासारख्या कोअरवर) ३५ वेढे घेतले की ४.९ मायक्रोहेन्री मिळतात, ५ मेगाहर्ट्झसाठी त्याला एकूण सुमारे २०७ पीएफ लागतात. या कोअरचा तापमान गुणांक अंशाला साधारण +३५ पीपीएम (दशलक्षांश). फ्रिक्वेन्सीवर त्याचा अर्धा परिणाम होतो, म्हणजे दर अंशाला सुमारे ८७ हर्ट्झ. डबा दहा अंशांनी तापला तर पाऊण किलोहर्ट्झहून जास्त. मोर्सला ते कसंबसं चालेल, पण सिंगल साइडबँडवर (बोलण्याची कमी रुंदीची पद्धत) शंभर हर्ट्झलाच आवाज विचित्र होऊ लागतो.

यावर तोड अशी. २०७ पैकी ४७ पीएफ पॉलिस्टायरीनचे घ्यायचे, कारण त्यांचा गुणांक उणे १५० च्या आसपास असतो, बाकीचे तापमानाने न बदलणारे एनपीओ सिरॅमिक. हिशेबात कॉइलची वाढ जवळपास फिटते. प्रत्यक्षात मोजून थोडं कमी-जास्त करावं लागतं. पॉलिस्टायरीन डाग देताना वितळतो, म्हणून पाय चिमट्यात धरायचा. कॉइल गुंडाळल्यावर उकळत्या पाण्यात ठेवून सावकाश थंड होऊ द्यायची, तारेतला ताण निघून जातो. दोन्ही बाजूंना तांबं असलेल्या बोर्डावर ऑसिलेटर बांधू नये. बोर्ड स्वतःच कपॅसिटर बनतो आणि त्याचा गुणांक बेभरवशाचा असतो.

या ५ मेगाहर्ट्झच्या ऑसिलेटरमागे एक दंतकथा आहे. ९ मेगाहर्ट्झवर साइडबँड तयार करून त्यात ५ मिळवले की १४, वजा केले की ४ (८० मीटरचा पट्टा), आणि वजाबाकीत साइडबँड उलटतो, म्हणून ८० मीटरवर खालचा साइडबँड वापरायची प्रथा पडली, असं सांगतात. हे बरोबर नाही. ९ मधून ५ वजा करताना साइडबँड उलटत नाही. तो उलटतो साइडबँड ५ वर तयार करून ९ च्या ऑसिलेटरमधून वजा केला तर.

१९७० च्या दशकात डच हौशी क्लास स्पारगारेन यांनी वेगळीच युक्ती काढली. ठरावीक वेळात ऑसिलेटरचे ठोके मोजायचे, आकडा सम की विषम एवढंच पाहायचं आणि व्हॅरॅक्टरला (व्होल्टेजने बदलणाऱ्या कपॅसिटरला) किंचित वर किंवा खाली ढकलायचं. चार-पाच लॉजिक चिपांत ढिसाळ ऑसिलेटर लायनीवर येतो. मात्र तो मुळातच जोरात सरकत असेल तर सर्किट त्याच्यामागे पुरं पडत नाही आणि पुढच्या पायरीवर जाऊन अडकतं.

हैदराबादच्या अशर फरहान यांच्या बिटेक्स या घरी बांधायच्या रेडिओसेटची वाटचाल पाहिली की पुढचा सगळा बदल दिसतो. पहिल्या, २० मीटरच्या आवृत्तीत ऑसिलेटरची कॉइल नळाच्या वॉशरवर गुंडाळलेली होती. नंतरच्या आवृत्त्यांत तिथे एसआय-५३५१ ही चिप आली. २५ मेगाहर्ट्झच्या एका छोट्या क्रिस्टलवरून ती तीन स्वतंत्र फ्रिक्वेन्सी देते. घासणं नाही, उकळणं नाही. आउटपुट चौकोनी लहर असल्याने तिसरी हार्मोनिक (तिप्पट फ्रिक्वेन्सी) फक्त साडेनऊ डेसिबलने खाली असते, म्हणून पुढे वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा लो-पास फिल्टर चुकवून चालत नाही.

उष्णता इथेही पाठ सोडत नाही. डब्ल्यूएसपीआर या मंद डिजिटल पद्धतीत जवळपास दोन मिनिटं प्रसारण चालतं आणि चार सुरांमध्ये प्रत्येकी दीड हर्ट्झचंही अंतर नसतं. फायनल ट्रान्झिस्टर तापून ती ऊब मॉड्यूलच्या क्रिस्टलपर्यंत पोचली आणि तो १ पीपीएमने हलला, तर २८ मेगाहर्ट्झवर २८ हर्ट्झची घसरण होते, आणि सबंध सिग्नलची रुंदी जेमतेम ६ हर्ट्झ असते. म्हणून मॉड्यूल हीटसिंकपासून दूर बसवतात, क्रिस्टलवर थर्माकोलची टोपी घालतात आणि चिपची न वापरलेली आउटपुटं प्रसारणातही चालू ठेवतात, म्हणजे चिपचं स्वतःचं तापणं सारखं राहतं.